शांबरिक खरोलिका, लेसरसह

माझं एक स्पष्ट मत आहे आणि ते मी कोणी न विचारता सांगत असतो. पाच लाखांचा लेसर प्रोजेक्टर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी घरात काळोख किती आहे ते मोजावं आणि मग खिशात पैसे किती आहेत ते मोजावं. काळा रंग फेकणारं यंत्र जगात अजून कोणी काढलेलं नाही. प्रोजेक्टर उजेड फेकतो. जिथे काळं दाखवायचं असतं तिथे तो काही फेकत नाही, स्वस्थ बसतो. मग त्या जागी तुमच्या पडद्यावर घरचा जो काय उजेड पडलेला असेल तो दिसतो. म्हणजे चित्रातला निम्मा माल कंपनी देणार आणि निम्मा तुम्ही घरचा घालायचा. खानावळवाल्याने वरण वाढावं आणि भात घरून आणायला सांगावं, तसला हा प्रकार आहे. आणि खानावळवाला ते निदान आधी सांगेल.

आपल्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर टाकून खेळ केले आणि त्या प्रकाराला नाव दिलं 'शांबरिक खरोलिका'. (हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला फुकट पास द्यायला हरकत नव्हती.) पुढे जत्रेतल्या तंबूचा टुरिंग टॉकीजवाला सूर्य बुडाल्याखेरीज खेळ सुरू करत नसे. त्याला ल्युमेन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सूर्य म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. आता ल्युमेन सगळ्यांना पाठ आहेत आणि सूर्याची कोणी दखल घेत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. दहा टक्के वाचले की आपला माणूस ते वाचलेले दहा टक्के मिळवण्यासाठी उरलेले नव्वद खर्च करायला निघतो, हे वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलंय. अर्जात कारण लिहितात 'घराची सुधारणा'. पाच लाख रुपये, बारा टक्के व्याज, साठ हप्ते, म्हणजे महिना ११,१२२ रुपये. पाच वर्षांत व्याजच १,६७,००० च्या वर जातं. (हे मी बँकेच्या हिताविरुद्ध बोलतोय. कृपा करून आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर घालू नका.)

या सुधारकांतले अग्रणी म्हणजे आमचे साडू. ते एका रविवारी पत्रक घेऊन आले आणि चहा यायच्या आत म्हणाले, "अहो, काँट्रास्ट बघा, काँट्रास्ट! वीस लाखास एक!"

आता मी पडलो बी. कॉम. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही. काँट्रास्ट म्हणजे पांढऱ्यात पांढरं आणि काळ्यात काळं यांचं प्रमाण. हे दोन्ही एकाच वेळी पडद्यावर ठेवून मोजावं अशी तुमची-माझी भाबडी समजूत. कंपनी काय करते? आधी सगळा पडदा पांढरा करून मोजते. मग सगळा काळा करते, लेसर जवळजवळ विझवते आणि पुन्हा मोजते. मग पहिल्याला दुसऱ्याने भागते. काही कंपन्या तर लेसर पूर्ण बंदच करतात आणि पत्रकात आडवा आठ छापतात. आडवा आठ म्हणजे अनंत. शाळेत शून्याने भागलं तर मास्तर कान धरायचे. इथे त्यावर किंमत ठरते.

आमच्या धंद्यात याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. ३१ मार्चला ठेवी फुगतात आणि १ एप्रिलला आपापल्या घरी जातात, तसं हे. खरी परीक्षा म्हणजे पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा सोळा चौकोनांचा करायचा, निम्मे पांढरे, निम्मे काळे, आणि दोन्ही एकदम मोजायचे. त्याला आन्सी काँट्रास्ट म्हणतात. अशी परीक्षा घेतली की लाखांतले आकडे शेकड्यांत येतात. पत्रकात हा आकडा शोधून सापडला तर मला कळवा.

"बरं, फोरके तर खरं ना?" साडूंनी बाजू बदलली.

इथे मात्र मी त्यांना थोडं झुकतं माप दिलं, कारण त्यात एक गंमत आहे. पुष्कळशा प्रोजेक्टरांच्या पोटात अर्ध्या इंचाहून लहान अशी एक चिप असते आणि तिच्यावर १९२० गुणिले १०८० इतके इवलेसे आरसे असतात. म्हणजे वीस लाखांच्या वर. फोरकेला लागतात त्र्याऐंशी लाखांच्या जवळपास ठिपके. मग करायचं काय? तेच चित्र चुटकीसरशी चार जागी सरकवायचं. एकाच कारकुनाने चार काउंटरवर इतक्या वेगाने पळावं की गिऱ्हाइकांना चार कारकून दिसावेत. आमच्या शाखेत हे रोज चालतं, फक्त आमचा वेग कमी पडतो. पण खरं सांगतो, ही लबाडी नाही. सोफ्यावर बसून बघणाऱ्याला फरक कळत नाही. या आरशांची कल्पना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि २०१५ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा पुतळा मिळाला. एकही संवाद न म्हणता! अशा माणसाबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

लेसरबद्दलही फार बोलणार नाही. बहुतेक यंत्रांत लेसर निळा एकच असतो. तो पिवळ्या फॉस्फरवर आपटून बाकीचे रंग निर्माण होतात. म्हणजे पेढीच्या पाटीवर तिघांची नावं आणि भांडवल एकाचं. तिन्ही रंगांचे वेगळे लेसर असलेली यंत्रं आहेत, रंग त्यांचे झळझळीत असतात, पण काहींच्या पडद्यावर बारीक मुंग्या चालल्यासारखं दिसतं. दिवा बदलायची कटकट नाही ही गोष्ट मात्र चांगली. वीस हजार तास चालतो म्हणतात. वीस हजार तासांनी उजेड निम्मा होतो असा त्याचा अर्थ. रोज तीन तास पाहिलं तर अठरा वर्षं. साडूंनी आजवर कोणतीही वस्तू अठरा महिने वापरलेली नाही.

मुद्दा आहे तो उजेडाचा. पत्रकात दोन हजार, तीन हजार ल्युमेन. जितके जास्त तितकं चांगलं, असं दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. हिशेब करू या. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. डिजिटल सिनेमाच्या थिएटरात पडदा किती उजळ असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे, चौरस मीटरला ४८ कँडेला. साध्या पांढऱ्या पडद्यावर घरी तेवढा उजेड पाडायला किती ल्युमेन लागतील? सव्वाचारशे. फक्त सव्वाचारशे! रंग नीट बसवताना काही उजेड जातो, यंत्र म्हातारं होतं, एचडीआरच्या सिनेमाला जास्त लागतो. दुप्पट धरा, हजार धरा. अंधाऱ्या खोलीत ज्याला हजारात भागतं त्याला तीन हजारांचं कौतुक कशासाठी?

एचडीआर म्हटलं की साडूंचे डोळे चमकतात. हजार निट्स धरून सिनेमा केलेला असतो आणि दोन हजार ल्युमेनचं यंत्र शंभर इंचांवर सगळा जीव ओतून सव्वादोनशेच्या आसपास जातं. मागणी हजाराची, मंजुरी सव्वादोनशेची. बाकीचं साहेब कात्री लावून बसवतात.

"पण आमचा हॉल तसा अंधारा नाही," साडू म्हणाले, "म्हणून तर जास्त ल्युमेन."

हेच वाक्य मला हवं होतं. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू आहे आणि भिंतीवर शंभर लक्स उजेड पडतोय असं समजा. दोन हजार ल्युमेनचं यंत्र त्या शंभर इंची पडद्यावर सव्वासातशे लक्स टाकतं. म्हणजे पांढरं झालं सव्वाआठशे, आणि काळं? काळं म्हणजे ट्यूबलाइटचे शंभर, ते काही कमी होत नाहीत. आठास एक! वीस लाखांचे आठ झाले. तारण म्हणून वीस लाखांची जमीन दाखवावी आणि आमच्या माणसाने जाऊन पाहावं तर तिथे आठ रुपयांची कुंडी असावी. आणि हे यंत्र कितीही महाग घेतलं तरी व्हायचंच. ल्युमेन दुप्पट करा, आठाचे पंधरा होतील. ट्यूबलाइटचं बटण बंद करा, फुकटात शेकड्यांकडे जाल. तिथेही पांढऱ्या भिंती आणि पांढरं छत आडवं येतं. पडद्यावरचा उजेड छतावर जातो, छत तो परत पाठवतं, आणि सिनेमातली रात्र पहाटेसारखी दिसते.

म्हणून दर्दी लोक काय करतात, तर खोलीच्या भिंती आणि छत गडद रंगवतात, चमक नसलेल्या रंगात, आणि खिडक्यांना जाड पडदे लावतात. हा खर्च काही हजारांचा आहे. चित्रात जो फरक पडतो तो यंत्रावर आणखी दोन लाख टाकून पडत नाही. मी हे साडूंना सांगितलं. आतून मेहुणीबाई बाहेर आल्या.

"छताला काळा रंग? भावजी, घर आहे का भुयार?"

त्यांचं काही चुकलं नाही. आणि इथेच माझं खरं भांडण आहे. आपल्या दोन खोल्यांच्या, तीन खोल्यांच्या घरात हॉल एकच असतो. तिथेच पोरांचा अभ्यास, तिथेच भाजी निवडणं, तिथेच आजींचं पोथीवाचन, तिथेच पाहुणा झोपणार. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायचा त्या घरात साडू सात वाजता दिवे मालवायला सांगणार! सासूबाईंनी पंचावन्न वर्षं संध्याकाळी घर अंधारात ठेवलेलं नाही. परदेशातल्या परीक्षणांत जो उत्तम शेरा मिळतो तो घराच्या तळघरातल्या वेगळ्या खोलीत बसून दिलेला असतो. आपल्याकडे तळघर फक्त बँकेला असतं. तेव्हा या यंत्राचं मूल्यमापन करताना पहिला प्रश्न 'काँट्रास्ट किती' हा नसून 'दिवे मालवले की हॉलमधून कोण कोण उठून जाणार' हा आहे. तो रकाना कोणत्याच पत्रकात नाही.

राहता राहिले गेम. साडूंच्या चिरंजीवांचा या खरेदीला जोरदार पाठिंबा आहे. खेळात बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो तो महत्त्वाचा. सेकंदाला साठ चित्रं धरली तर एक चित्र सतरा मिलिसेकंदांचं. सिनेमासाठी चित्र नटवत बसणाऱ्या मोडमध्ये कित्येक यंत्रं शंभराच्या वर मिलिसेकंद खातात. म्हणजे सहा चित्रं उशीर. तोवर शत्रू गोळी घालून घरी जातो. म्हणून वेगळा गेम मोड असतो. त्यात काय करतात? यंत्राची सगळी हुशारी बंद करतात. हालचाल गुळगुळीत करणं बंद. पुष्कळ यंत्रांत वाकडं चित्र सरळ करणारं कीस्टोनही बंद, आणि ते चालू ठेवलं तर ठिपके कापले जातात ते वेगळंच. म्हणजे ज्या हुशारीचे पैसे मोजले तिला बिनपगारी रजेवर पाठवायचं आणि मग खेळायचं. पत्रकावर '२४० हर्ट्झ' असं ठळक असतं. ते १०८० रेषांवर, फोरकेवर नाही, असं खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. सतरा-वीस मिलिसेकंदांत काम उरकणारी यंत्रं मिळतात, नाही असं नाही. पण त्या पोराला दिवसाउजेडी खेळायचंय, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन वाजता. त्याच्यासाठी चांगला टीव्ही घ्या. काळं कसं असतं ते त्यालाही दिसेल.

शेवटी साडूंबरोबर मी दुकानात गेलो. (त्यांना वाटलं मी कर्जाचं बोलायला येतोय.) आत एक काळी खोली. काळ्या भिंती, काळं छत, काळा गालिचा. पडद्यावर पोपट. लाल पोपट, मग ज्वालामुखी, मग न्यूझीलंड की कुठलंसं हिरवंगार. एकही रात्र नाही, एकही अंधारा जिना नाही, एकही माणूस कंदील घेऊन चाललेला नाही. विक्रेता मुलगा मोठा गोड होता.

"काका, ब्लॅक बघा ना, कसला डीप आहे!"

"बाळ," मी म्हटलं, "तो ब्लॅक तुझ्या मालकाने भिंतीला लावलाय. तो पण पाच लाखांत येतो का?"

तो हसला. मी माझ्याबरोबर पेन ड्राइव्हवर नेलेला रात्रीचा एक प्रसंग लावायला सांगितला. लावला. बरा दिसला, मान्य करतो. मग म्हटलं, आता खोलीतला दिवा लाव.

"नको काका," तो म्हणाला, "दिवा लावला तर काही दिसणार नाही."

साडू माझ्याकडे न बघता पोपटाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुमच्या त्या जाड पडद्याचं कापड मीटरला कसं पडतं हो?"