खिशातलं पिस्तूल आणि मामीची चिंच

माझ्या मामाकडे सात पिस्तुलं आहेत. हे वाक्य मी परवा कॉफी पिताना सहज टाकलं आणि आमचं आख्खं टेबल म्यूट झालं. ‘म्हणजे भाई वगैरे आहे का तुझा मामा?’ एकाने हळूच विचारलं. छे हो! मामा रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चाळीसेक वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहतो, रविवारी कांदेपोहे करतो आणि आयुष्यात त्याने एकही गोळी झाडलेली नाही. त्याच्या सातही ‘पोरी’ एकोणिसाव्या शतकातल्या. सगळ्या खिशात मावणाऱ्या आणि सगळ्यांच्या अंगावर कोरीव नक्षी.

गेल्या वर्षी मी तिकडे गेले, तेव्हा जेट लॅग उतरायच्या आत मामाने मला तळघरात नेलं. एक छोटी लाकडी पेटी उघडली आणि माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, जर्मन सिल्व्हरच्या पट्ट्या, त्यावर वेलबुट्टी. पहिला विचार काय आला सांगू? आजीचा कुंकवाचा करंडा!

‘डेरिंजर,’ मामा म्हणाला. ‘याच गावात बनलंय.’

हेन्री डेरिंजर हा फिलाडेल्फियाचा बंदूक कारागीर. तळहाताएवढी, एका वेळी एकच गोळी झाडणारी त्याची पिस्तुलं बहुतेक जोडीने विकली जायची. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा तिकडे धावलेल्या मंडळींमध्ये ती तुफान खपली. इतकी, की नकला सुरू झाल्या. त्याच्याकडे काम केलेल्या काही कारागिरांनीच वेगळं दुकान थाटलं. एका टोळक्याने तर कमाल केली. जॉन डेरिंजर नावाचा एक शिंपी गाठला, त्याला धंद्यात घेतलं आणि पिस्तुलांवर ‘जे. डेरिंजर’ असा शिक्का मारायला मोकळे! हेन्रीने कोर्टकचेऱ्या केल्या. 1865 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. ट्रेडमार्कवाले वकील आजही त्या खटल्याचं नाव घेतात. आणि इतकं लढून झालं काय? एक ‘आर’ जास्त घालून ‘डेरिंजर’ हा इंग्रजीत कुठल्याही खिशातल्या पिस्तुलासाठी सामान्य शब्द झाला. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच.

त्याच 1865 सालच्या 14 एप्रिलला वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली, तीही डेरिंजरच्याच पिस्तुलातून. ते आज त्याच थिएटरच्या म्युझियममध्ये आहे. मामाने हे सांगितलं आणि माझ्या तळहातावरचा करंडा एकदम जड झाला.

‘मामा, तुला हे जमा करावंसं का वाटलं?’ मी विचारलं. मला वाटलं, अमेरिका, काउबॉय, वेस्टर्न सिनेमे असलं काहीतरी ऐकायला मिळेल. तर मामा थेट पुण्याच्या तुळशीबागेत. लहानपणी आजीबरोबर भांडी घ्यायला गेला, की हा दुकानाबाहेर बसलेल्या नाव घालणाऱ्यासमोर ठिय्या द्यायचा. छिन्नी, छोटी हातोडी, टकटकटक, आणि पातेल्याच्या काठावर उमटणारं ‘चि. सौ. कां.’ आजी खरेदी संपवून हाका मारायची, तरी हा हलायचा नाही. पुढे अमेरिकेत एका जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात त्याला एक रिव्हॉल्व्हर दिसलं आणि कानात ती टकटक वाजली म्हणे. मला हे कारण जाम आवडलं.

आता कोरीव कामाचा फंडा. मामाकडे कोल्टचं 1849 सालचं पॉकेट मॉडेल आहे. 1873 पर्यंत ही तीन लाखांहून जास्त बनली, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. तिच्या सिलिंडरवर गोल फिरणारं एक चित्र आहे: घोडागाडीवर पडलेला दरोडा. पण ते हाताने कोरलेलं नाही. नोटांचे ठसे कोरणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबी या कारागिराने ते एकदाच पोलादी रुळावर कोरलं आणि त्या रुळाच्या दाबाने ते सिलिंडरवर उठवलं जायचं. थोडक्यात, छापील नक्षी. पण ती इतकी उथळ असते, की सगळ्यात आधी तीच झिजते. म्हणून पिस्तूल हातात घेतल्यावर जाणकार आधी बघतात, की चित्रातले घोडे दिसतायत का! मामाच्या सिलिंडरवर चार घोड्यांतले अडीच शिल्लक आहेत.

हाताने कोरलेला माल वेगळा आणि त्याचे कारागीरही वेगळे. बरेचसे जर्मनीकडून आलेले. गुस्ताव यंग आधी कोल्टसाठी कोरायचा, मग स्मिथ अँड वेसनकडे गेला. न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के आपण कोरलेल्या नक्षीचे ठसे कागदावर घेऊन वहीत चिकटवून ठेवायचा. ती वही 1965 मध्ये पुस्तकरूपात छापली गेली आणि संग्राहकांची लॉटरी लागली, कारण हातातल्या पिस्तुलावरची वेल वहीतल्या वेलीशी ताडून बघता येते. आपल्या प्रत्येक कामाचा बॅकअप ठेवणारा माणूस! मी मात्र लॅपटॉप क्रॅश झाल्यावर एडिटरला रडवेले मेल करते.

आणि इथेच खरी मेख आहे. नक्षी असली की भाव चढतो, त्यामुळे साध्या जुन्या पिस्तुलावर नंतर नक्षी कोरून विकणारे महाभाग पैशाला पासरी. मामाही एकदा सॉल्लिड फसलाय. त्याने मला भिंग दिलं आणि दोन पिस्तुलं शेजारी ठेवली. ‘कुठली खोटी, सांग.’ मी अर्थातच चुकले, जास्त सुंदर होती तिला खरी म्हणाले. कारखान्यात आधी नक्षी कोरतात, मग रंग किंवा मुलामा चढवतात. त्यामुळे खऱ्या नक्षीच्या खाचांतही तो जुना रंग सापडतो. खोट्या नक्षीत खाच स्वच्छ चकचकीत आणि काही ठिकाणी तर गंजाचा खड्डा कापून पुढे गेलेली. म्हणजे गंज आधी, नक्षी नंतर. शिवाय दीडशे वर्षं खिशात घासून मूठ गुळगुळीत झालीय आणि वेलीच्या कडा मात्र बोटाला टोचतायत, असं कसं होईल? तासभर मी त्या दोन पिस्तुलांवरून नखं फिरवत बसले होते.

जुन्या वस्तूला चकाकी आणणं हे या छंदातलं महापाप. जे झिजलंय ते झिजलेलंच ठेवायचं. आता यात मामीची एंट्री. त्या कोल्टच्या मुठीची पट्टी पितळेची, वर चांदीचा मुलामा. मुलामा बराचसा उडालेला, पण कोपऱ्याकोपऱ्यात उरलेला आणि मामाचा त्या कोपऱ्यांवर भारी जीव. एका दिवाळीला मामी समया घासायला बसली. तिला वाटलं, हेही किती काळवंडलंय बिचारं. चिंच, मीठ, वर घासणी! पट्टी सोन्यासारखी लखलखली. मामा दोन दिवस बोलला नाही. मामी अजूनही म्हणते, ‘अगं, घरातलं पितळ काळं ठेवायचं का?’

हसून झालं, पण त्या ट्रिपमध्ये हसण्यावारी न जाणारीही एक गोष्ट झाली. मामा आता सत्तरीत आहे. पुढे या सगळ्याचं काय, असा विषय जेवताना निघाला आणि माझी मामेबहीण शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मला नकोत.’ तिचा मुलगा पहिलीत आहे. त्याच्या शाळेत ड्रिल होतं. दिवे बंद करून, कोपऱ्यात बसून, आवाज न करता. बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरलंच तर काय करायचं, त्याची प्रॅक्टिस. मामा म्हणाला, या पिस्तुलांचा त्याच्याशी काय संबंध? इथल्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेलं पिस्तूल म्हणजे अँटिक, त्याला ‘फायरआर्म’ सुद्धा धरत नाहीत. ती म्हणाली, ‘तुला त्यात नक्षी दिसते. मला बंदूक दिसते.’ मग कुणीच भात वाढून घेतला नाही.

मला दोघांचंही पटत होतं आणि त्याचा जाम त्रास होत होता. तळघरात पुन्हा गेलो तेव्हा मामाने विचारलं, ‘तू नेशील का गं एखादं?’ मी फोनवर आपला शस्त्र कायदा उघडला. 1959 चा. जुन्यापुराण्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. मामाची सातही अजून ठणठणीत, कोल्टचा घोडा ओढला की सिलिंडर खटकन फिरतं. परवाना काढायचा म्हटलं, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच, वारशाने आलेलं धरून. शिवाय परदेशातून आणायची लफडी वेगळीच. ‘म्हणजे मोडून न्यावं लागेल,’ मामा म्हणाला आणि त्याने पेटी मिटली.

मी निघताना त्याने त्या कोल्टच्या सिलिंडरभोवती पातळ कागद गुंडाळला आणि वरून शिसपेन्सिल घासून दिली. निम्श्केची आयडिया, जरा घरगुती. अडीच घोडे आणि अर्धा दरोडेखोर आता माझ्या डेस्कसमोरच्या बोर्डावर आहेत, क्रेडिट कार्डाच्या बिलाशेजारी.

मागच्या महिन्यात मामाने संग्रह लिलावाला दिला. या दुनियेत कुठल्या कुठे भाव जातात. 2018 मध्ये इलिनॉयमधल्या एका लिलावात कोल्टचं एक वॉकर रिव्हॉल्व्हर 18 लाख 40 हजार डॉलरला गेलं. अर्थात ते दोन किलोचं धूड, खिशात कसलं मावतंय! मामाच्या सहा पिस्तुलांचे बरे पैसे आले. सातव्याचा, म्हणजे मामीने घासलेल्या कोल्टचा अंदाज मात्र इतका कमी आला, की मामाने ते पाठवलंच नाही.

‘बघ,’ व्हिडिओ कॉलवर मामी म्हणाली, ‘मी घासलं म्हणून घरात राहिलं.’ मागे मामा काहीतरी पुटपुटला, पण हसत होता. मामेबहिणीने एकच अट घातलीय: कपाट कुलूपबंद आणि किल्ली मामाकडे नको. ती मामीकडे आहे. कुठे ठेवलीय ते मामी सांगत नाही, पण मला चिंचेच्या बरणीचा दाट संशय आहे.