बिल्डर तोच, पाडकाम नवं

परवा शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच शिकागोहून फोन. तिकडे शुक्रवारची रात्र. माझा तिथल्या ऑफिसातला जुना सहकारी, साउथ साइडला जन्मलेला, व्हाइट सॉक्सचा वंशपरंपरागत भक्त. हवापाणी, पोरंबाळं, नोकरी हे सगळं अडीच मिनिटांत उरकलं आणि गाडी नेहमीच्या स्टेशनावर आली: या टीमचं करायचं काय? तो म्हणाला, धीर धर, रीबिल्ड चालू आहे. मी म्हटलं, लेका, हेच तू मला २०१७ मध्ये सांगितलं होतंस! तासभर वाद झाला. शेवटी बायकोने भाजी आणायला पिटाळलं म्हणून थांबला. फोनवर जे नीट मांडता आलं नाही ते आता इथे मांडतोय. (तो मराठी वाचत नाही ही त्यातली सोय.)

ज्यांना बेसबॉल म्हणजे 'तिकडचं क्रिकेट' एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एका सीझनला १६२ मॅचेस. चांगली टीम पंचाण्णवेक जिंकते, वाईट टीम तेवढ्या हरते. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ हरले. १९०० नंतरच्या मेजर लीगमध्ये एका सीझनला इतक्या मॅचेस कुणीही हरलेलं नव्हतं. आधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० चा. त्यात सलग २१ हारींची एक माळ. त्याच्या आधीच्या वर्षी, २०२३ मध्ये १०१ हार, नंतरच्या २०२५ मध्ये १०२. बरं, वशिला म्हणाल तर थेट वरपर्यंत आहे. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे शिकागोचेच आणि व्हाइट सॉक्सचे फॅन. २००५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये स्टेडियमवर बसलेले ते टीव्हीवर दिसले होते. तरीही १०२!

आता 'रीबिल्ड' म्हणजे काय? तर चांगले, महाग होऊ घातलेले खेळाडू दुसऱ्या टीम्सना द्यायचे, बदल्यात त्यांची कोवळी पोरं घ्यायची आणि चार-पाच वर्षं मुकाट हरायचं. जो जास्त हरतो त्याला साधारणपणे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लवकर नंबर मिळतो. मग एक दिवस ही सगळी पोरं एकदम तयार होतात आणि टीम जिंकू लागते. मुंबई-पुण्याच्या माणसाला याहून सोपं सांगतो: हे रीडेव्हलपमेंट आहे. जुनी चाळ पाडायची, रहिवाशांनी संक्रमण शिबिरात जायचं, आणि बिल्डर सांगतो तीन वर्षांत टॉवर. वाईट कल्पना आहे का? मुळीच नाही. चांगला बिल्डर असेल तर टॉवर उभा राहतोही. पण सही करण्याआधी आपण त्या बिल्डरची आधीची बिल्डिंग जाऊन बघतो की नाही? मग या टीमच्या फॅन्सना तेवढंही का सुचू नये?

आधीची बिल्डिंग बघू. डिसेंबर २०१६ मध्ये व्हाइट सॉक्सनी आपला सर्वोत्तम पिचर, डावखुरा ख्रिस सेल, बोस्टनला दिला. दुसऱ्याच दिवशी ॲडम ईटन वॉशिंग्टनला. जुलै २०१७ मध्ये होझे किंताना गावातल्याच कब्सना. बदल्यात मोंकाडा, कोपेक, जिओलिटो, एलॉय हिमेनेझ, डिलन सीझ अशी एकाहून एक गुणी पोरं आली. मी तेव्हा शिकागोत होतो. काय उत्साह होता! २०१८ मध्ये टीम १०० मॅचेस हरली तरी आमचा हा मित्र रेड लाइन ट्रेनने ३५व्या स्ट्रीटला उतरून, रिकाम्या हिरव्या खुर्च्यांमध्ये बसून, खुशीत मला सांगायचा की हे सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय.

निकाल काय लागला? २०२० च्या कोरोनामुळे छोट्या झालेल्या सीझनमध्ये ३५-२५. २०२१ मध्ये ९३ विजय आणि डिव्हिजन, मग प्लेऑफच्या पहिल्याच सिरीजमध्ये ह्यूस्टनकडून चार मॅचेसमध्ये बाहेर. २०२२ मध्ये बरोब्बर ८१-८१. आणि २०२३ मध्ये धाडकन खाली. म्हणजे टॉवरमध्ये राहायला मिळालं जेमतेम दोन वर्षं, की लगेच नोटीस: इमारत धोकादायक, पुन्हा पाडायची आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केनी विल्यम्स आणि रिक हॅन या दोन्ही बड्या साहेबांना काढलं. ठीक. आणि नवा जनरल मॅनेजर कोण? क्रिस गेट्झ. हे गृहस्थ २०१६ च्या शेवटापासून याच क्लबमध्ये तरुण खेळाडू तयार करायचं खातं सांभाळत होते. मंडळी, पहिल्या रीबिल्डची सगळी भिस्त ज्या खात्यावर होती, तेच हे खातं. बाहेर शोधाशोध न करता मालकांनी त्यांनाच बढती दिली. डिसेंबर २०२४ मध्ये गेट्झनी काय केलं? टीमचा सर्वोत्तम पिचर, डावखुरा गॅरेट क्रोशे, बोस्टनला दिला. बरोबर आठ वर्षांनी, तोच महिना, तेच गिऱ्हाईक. बोस्टनने काही महिन्यांतच त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलर्सचा करार केला. येरे माझ्या मागल्या.

आता मित्राचा हुकमी एक्का: "हरल्याशिवाय चांगले खेळाडू मिळत नाहीत." बघू या का जमाखर्च? २०१७ च्या ९५ हारींच्या बदल्यात मिळाला २०१८ च्या ड्राफ्टमधला ४ था नंबर: निक मॅड्रिगल. तीन वर्षांत कब्सना देऊन टाकला. २०१८ च्या १०० हारींच्या बदल्यात २०१९ चा ३ रा नंबर: अँड्र्यू वॉन. त्याच्याकडे येतोच. प्रामाणिकपणे सांगायचं तर क्रोशेही हरण्यातूनच आला, २०२० चा ११ वा नंबर. पण तो पिकला तसा विकला. याउलट, २०२५ मध्ये जुलैत पहिल्यांदा खेळायला येऊन २१ होमरन्स मारणारा कोल्सन माँटगोमेरी, ज्याच्याकडे बघून सगळ्यांना पुन्हा आशा वाटायला लागली, तो आला २०२१ च्या २२ व्या नंबरवर. २२ वा का? कारण २०२० मध्ये टीम चक्क प्लेऑफमध्ये पोचली होती! आणि १२१ हारींचं बक्षीस काय मिळालं माहीत आहे? १० वा नंबर. नव्या लॉटरीच्या नियमांनुसार मोठ्या शहरांतल्या श्रीमंत टीम्सना लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतले वरचे नंबर मिळत नाहीत. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

तर वॉनची गोष्ट. मे २०२५ मध्ये .१८९ च्या ॲव्हरेजवर त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि जूनमध्ये मिलवॉकी ब्रुअर्सना देऊन टाकलं. मिलवॉकी शिकागोपासून गाडीने दीड-दोन तास, मुंबई-पुण्याएवढं अंतर. ७ जुलैला ब्रुअर्सकडून पहिल्यांदा बॅट हातात घेतली आणि तीन रन्सचा होमरन, तोही डॉजर्सविरुद्ध. उरलेल्या सीझनमध्ये ॲव्हरेज .३०० च्या वर. माणूस तोच, दोन हात तेच, बदललं ते फक्त दुकान. मिलवॉकी हे मेजर लीगमधल्या सर्वांत छोट्या मार्केट्सपैकी एक. २०२३ नंतर त्यांचा मॅनेजर शिकागोच्या कब्सनी पळवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आपला एक नंबरचा पिचर बाल्टिमोरला दिला. मग ते रडत रीबिल्ड करत बसले? २०२४ मध्ये ९३ जिंकले, २०२५ मध्ये ९७. मित्र म्हणतो, "पण त्यांनी वर्ल्ड सिरीज कधी जिंकलीये?" खरं आहे, एकदाही नाही. पण बाबा रे, तुझी टीम २००५ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यापासून २०२५ पर्यंत प्लेऑफची एकही सिरीज जिंकलेली नाही, हे जरा आठव.

"मग ह्यूस्टन? मग कब्स?" हा पुढचा प्रश्न. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये अनुक्रमे १०६, १०७, १११ हरले आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. (त्या सीझनला कॅमेऱ्याने खुणा चोरत होते हे २०२० च्या चौकशीत सिद्ध झालं, ते सोडा.) कोरेआ आणि ब्रेगमन हरण्यातून मिळाले हे मान्य. पण अल्टुवे २००७ पासून त्यांच्याकडे होता, कायकल २००९ पासून. उलट २०१३ चा पहिला नंबर ज्याच्यावर खर्च केला तो मार्क अपेल मेजर लीगमध्ये ह्यूस्टनकडून एक बॉलही टाकू शकला नाही. कब्सही २०१२ मध्ये १०१ हरले. पण पोरं तयार होताहेत म्हटल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी जॉन लेस्टरवर साडेपंधरा कोटी डॉलर्स मोजले. २०१६ मध्ये जिंकले, १९०८ नंतर प्रथमच.

व्हाइट सॉक्सनी काय केलं? २०१९ च्या सीझनआधी मॅनी मचाडो यावा म्हणून त्याचा मेहुणा टीममध्ये घेतला, त्याचा जवळचा मित्र घेतला. मचाडो गेला सॅन डिएगोला, ३० कोटी डॉलर्सवर. वऱ्हाड आलं, नवरदेव आलाच नाही! मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून टीम चालवतात, आणि २०२३ च्या सीझनपर्यंत त्यांनी कुठल्याही खेळाडूशी केलेला सर्वांत मोठा करार होता साडेसात कोटींचा. अमेरिकेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरात.

आमच्या धंद्यातही हा रोग आहे. माझ्या एका जुन्या कंपनीत बिलिंगचा कोड फार सडलाय म्हणून सगळा नव्याने लिहायचा ठरला. मॅनेजर तेच, टेस्ट न लिहायची सवय तीच. दीड वर्षाने नव्या भाषेत जुनेच बग्ज निघाले. त्या मधल्या दीड वर्षात कस्टमर काही मागायला आला की एकच उत्तर: नवीन सिस्टिममध्ये होईल. 'नव्याने लिहितोय' या शब्दात ही मोठी सोय आहे, आज काहीच द्यावं लागत नाही. 'रीबिल्ड' अगदी तसाच. आजची हार प्लॅनचा भाग, आणि उद्याची जबाबदारी उद्याच्या साहेबाची.

पण बिल कुणीतरी भरतंच. माझ्या मित्राच्या वडिलांनी २००५ बघितलं होतं. २०१७ मध्ये त्यांनी नातीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की ही शाळेत जायला लागेल तेव्हा आपण पुन्हा चॅम्पियन असू. २०२३ च्या हिवाळ्यात ते गेले. नात शाळेत जाऊन कित्येक वर्षं झाली. मालकाला पाच वर्षं थांबणं परवडतं, त्याच्या टीमची किंमत तोवर वाढतच असते. सत्तरीतल्या माणसाची पाच वर्षं मात्र 'प्लॅनचा भाग' नसतात.

म्हणून व्हाइट सॉक्सच्या तमाम फॅन्सना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या वर्षी कोणाला विकायचं आणि बदल्यात कोण येईल यावर रात्री जागवू नका. ते बिल्डरचं ब्रोशर आहे. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. पहिल्या वेळी पोरं का बिघडली याचं उत्तर कुणी दिलंय का? पोरं तयार झाल्यावर तिजोरी उघडणार का, आणि किती? आणि हरायच्या वर्षांत तिकिटाचे दर कितीने उतरणार? उत्तरं मिळेपर्यंत सीझन तिकीट भरू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टेडियममध्ये "टीम विका" अशा घोषणा देणाऱ्यांना माझ्या मित्राने अडाणी म्हटलं होतं. मला तेच शहाणे वाटतात.

उद्या ही टीम जिंकायला लागली तर पहिला फोन मीच करीन. माँटगोमेरी मलाही आवडतो. पण तेव्हाही म्हणीन की १२१ वेळा हरायची गरज नव्हती.

असो. पुढच्या शनिवारी फोन येईलच, आणि तो पुन्हा म्हणेल, धीर धर. धरू की. पण संक्रमण शिबिराचं भाडं कोण देतंय, ते आधी सांग म्हणावं.