वहीला प्रश्न विचारा!



रोज सकाळी तुमच्या वर्गात हजेरी होते. तुम्ही ‘हजर’ म्हणता, हजेरीपटावर एक खूण उमटते, महिनाअखेर बेरजा होतात आणि वर्ष संपले की तो पट कपाटात जाऊन बसतो. वर्गात ५० विद्यार्थी आणि वर्षाकाठी शाळेचे २२० दिवस धरले, तर एका पटात ११,००० नोंदी होतात. आता सांगा पाहू, या अकरा हजार नोंदींना कुणी कधी एखादा प्रश्न विचारला आहे काय? बाजाराच्या दिवशी वर्ग रिकामा का दिसतो? लावणीच्या आठवड्यात किती मुले येत नाहीत? उत्तर त्या पटातच असते. पण विचारणारा नसतो.

जी गोष्ट शाळेची, तीच दुकानांची, कारखान्यांची आणि कचेऱ्यांची. नोंदी सगळेच ठेवतात. त्यांच्यापासून फायदा मात्र थोडेच करून घेतात. असे का व्हावे? माझ्या मते नोंदींची किंमत त्यांच्या संख्येवर नसते. ती कोणत्या निर्णयासाठी वापरली जाते, यावर असते. हे पटावे म्हणून तुम्हांला लंडनच्या एका चहावाल्या कंपनीची हकीकत सांगतो.

तिचे नाव लायन्स. तिचे पहिले चहागृह १८९४ मध्ये लंडनमध्ये उघडले आणि पुढे अशा चहागृहांची संख्या दोनशेच्या वर गेली. चहाबरोबर पाव, केक आणि इतर पदार्थ कंपनीच्याच भट्ट्यांतून जात. एका कपामागे नफा अगदी थोडा. केक जास्त पाठवले तर ते शिळे होणार, कमी पाठवले तर गिऱ्हाईक परत जाणार! म्हणजे रोजचा प्रश्न ठरलेला होता : उद्या कोणत्या दुकानात काय आणि किती पाठवायचे?

केंब्रिजला गणित शिकलेले जॉन सिमन्स १९२३ मध्ये या कंपनीत आले. कचेरीतले प्रत्येक काम कशासाठी होते आणि त्याहून सोपे कसे करता येईल, हे तपासण्यासाठी कंपनीने १९३१ मध्ये एक स्वतंत्र विभागच काढला. लक्षात घ्या, तेव्हा संगणक जन्मालाही आला नव्हता. यंत्र मागाहून आले. प्रश्न अगोदर आला.

१९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन आले. गणिते करणारी नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रे कचेरीचे कामही करू शकतील, असे त्यांना वाटले. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स असे एक यंत्र बांधत होते. कंपनीने त्या कामाला ३,००० पौंडांची मदत दिली आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लिओ’. हजारो व्हॉल्व्हचे हे धूड १९५१ मध्ये भट्ट्यांतील मालाचा हिशेब करू लागले. व्यापारी कचेरीचे नित्याचे काम करणारा हा जगातील पहिला संगणक मानला जातो. पुढे पगारपत्रकेही त्याच्याकडे आली. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे होई!

पण मला नवल वाटते ते या वेगाचे नव्हे, चहागृहांच्या मागणीच्या पद्धतीचे. प्रत्येक दुकानाची वारानुसार नेहमीची मागणी ठरलेली असे व ती लिओला ठाऊक असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेला दुपारी मुख्य कचेरीतून दूरध्वनी येई. तिने सगळी यादी वाचायची नाही. फक्त बदल सांगायचा. अमुक पाव दोन डझन जास्त, तमुक केक एक डझन कमी, एवढेच. पलीकडची मुलगी ऐकता ऐकता कार्डांना छिद्रे पाडी. ती कार्डे लिओत गेली की भट्टीत काय किती भाजायचे आणि कोणत्या दुकानाकडे काय रवाना करायचे, याची पत्रके तयार होत.

या पद्धतीतले मर्म पाहा. कामापुरतीच माहिती गोळा केली जाई. दुकानाची नाडी जिला ठाऊक, तिचाच शब्द अखेरचा असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिने चुकीचा आकडा सांगितला तर दुसऱ्या दिवशी चुकीचा माल तिच्याच दारात येई. म्हणून ती आकडा विचार करून सांगे. वापरली जाणारी नोंदच खरी राहते! जी नोंद कुणी वाचणार नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असते, ती तो कशीबशी भरून टाकतो. मग तीवर कितीही मोठा संगणक बसवा, बाहेर पडणारे उत्तर खोटेच असणार.

तुम्ही म्हणाल, आज माहिती साठवणे इतके स्वस्त झाले आहे, तर सगळेच जमवून ठेवायला काय हरकत आहे? पुढेमागे उपयोगी पडेल! हा विचार अगदीच चुकीचा नाही. जमाखर्चाच्या वह्या कायद्यासाठी जपाव्याच लागतात, आणि पावसाच्या जुन्या नोंदी शंभर वर्षांनीही मोलाच्या ठरतात. परंतु साठवण स्वस्त झाली म्हणून लिहिणाऱ्या माणसाचा वेळ स्वस्त झालेला नाही. पाचवा तक्ता भरणारे शिक्षक तेवढा वेळ फळ्यापासून दूर असतात. शिवाय माणसांविषयीची माहिती कारणावाचून साठवली, तर ती कधी कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. म्हणून नवी वही उघडण्यापूर्वी विचारावे, हिच्यामुळे कोणता निर्णय बदलणार आहे? उत्तर नसेल, तर वही न उघडणेच बरे.

आता एक प्रयोग करा. शिक्षकांच्या परवानगीने गेल्या वर्षीच्या हजेरीपटातून प्रत्येक दिवसाचा फक्त गैरहजरांचा आकडा उतरवून घ्या. नावे घेऊ नका. ती आपल्याला नकोतच. वारांप्रमाणे सरासरी काढा आणि आलेख काढा. एखाद्या वाराचा खांब उंच दिसला, तर त्याचे कारण वर्गातच विचारा. बाजार असेल, एस.टी.ची वेळ असेल, किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नसेल. मग तो आलेख मुख्याध्यापकांना दाखवा. चाचणीचा वार बदलला आणि चार मुले-मुली जास्त येऊ लागली, तर त्या अकरा हजार खुणांचे चीज झाले असे समजा.