केमोच्या पिशवीतला डबा

घरात कोणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे कळले की औषधांच्या आधी सल्ले येऊन थडकतात. गव्हांकुराचा रस द्या, गुळवेल द्या, पपईच्या पानांनी प्लेटलेट्स वाढतात. आता त्यात ओळखीतल्या एजंटाने गळ्यात मारलेल्या महागड्या अँटिऑक्सिडंट पावडरीची भर पडली आहे. सुरगाणा-पेठपासून निफाड-दिंडोरीपर्यंतचे रुग्ण केमोसाठी नाशकात येतात. काही जण पहाटे पंचवटी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघतात. पिशवीत फाइल, रक्ताचे रिपोर्ट, पोळीभाजी आणि तळाशी तो डबा. डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो. हे जिवावर बेतू शकते.

विक्रेता सांगतो त्यातले अर्धे खरे असते, म्हणूनच ते पटते. ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या उग्र रेणूंचा भार, वाढलेला असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पेशींच्या आवरणाची नासाडी दाखवणारे मॅलॉनडायअल्डिहाइड रक्तात वाढते, ग्लुटाथायोन, कॅटालेज यांची संरक्षक फळी विस्कटते. मग जे कमी पडले ते बाहेरून भरा, असा सोपा हिशेब मांडला जातो. पण ल्युकेमियाच्या पेशीही याच उग्र रेणूंचा भार सोसत जगत असतात. डॉनोरुबिसिन हे केमोचे औषध त्यांच्या डीएनएवर घाव घालते आणि हा भारही वाढवते. ल्युकेमियाच्या ‘एपीएल’ या प्रकारात दिले जाणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइडही काही अंशी याच मार्गाने काम करते. अशा वेळी बाहेरून ओतलेले अँटिऑक्सिडंट रुग्णाला वाचवील की रोगाला, हे कोणताही एजंट सांगू शकत नाही.

इतिहासाने हा धडा आधीच दिला आहे. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक आम्लाची संयुगे दिली, तर रोग उलट बळावल्याचे दिसले. जीवनसत्त्वच ते, पण रोगाने ते आपल्या वाढीसाठी वापरले. त्यातून त्यांनी उलटा मार्ग धरला. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेल्या फोलिकविरोधी अमिनोप्टेरिनने काही मुलांचा आजार तात्पुरता हटला, हे 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिले जाते. अँटिऑक्सिडंटबाबतही असेच घडले: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. तो निष्कर्ष 1994 चा.

घरगुती म्हणून रस निर्धोक, हाही भ्रम आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा संसर्गाला न उकळलेल्या रसातले जंतूही पुरे पडतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरीन या केमोच्या औषधांचा ताणही यकृतावरच येतो.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाने तो कायदा व्हॉट्सॲप ग्रुप आणि हॉटेलांतल्या ‘सेमिनार’पर्यंत न्यावा. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. उत्तर महाराष्ट्रातले रुग्ण उपचारांसोबत काय काय घेतात, याचा अभ्यास त्याने हाती घ्यावा. प्रत्येक केमो विभागात ‘घरी आणखी काय देता?’ हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा, आणि तो विचारताना आवाजात दरडावणी नसावी, कारण ओरडा बसेल या धाकानेच नातेवाईक लपवतात.

रुग्णाच्या नातेवाइकांना एकच विनंती: फळे, भाज्या, डाळ-भात डॉक्टर सांगतील तसे जरूर द्या, पण पुढच्या तपासणीला जाताना तो डबा सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोवर त्यातला एक चमचाही देऊ नका.