सेवा करणाऱ्याचा शब्द

घरातील वडीलधारे माणूस आपल्या डोळ्यांदेखत आपल्यालाच विसरत जाते, हे दुःख सोसणारी घरे सातारा-सांगलीकडे आता थोडीथोडकी उरलेली नाहीत. साठी उलटलेल्या भारतीयांपैकी सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरांत सात-साडेसात. आपण त्याला म्हातारचळ म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः हा मेंदूचा रोग आहे, तो वाढतच जातो आणि अखेरीस प्राण घेतो. यातील शेवटचा भाग कुटुंबाला बहुधा कोणी स्पष्ट शब्दांत सांगतच नाही, आणि पुढचा सारा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

तो गोंधळ कसा असतो ते पाहावे. मंगळवार पेठेतील किंवा सांगलीच्या गावभागातील एखादे घर कल्पावे. आईला घास गिळता येईनासा होतो, ठसका लागतो, ताप चढतो. न्यूमोनिया ठरतो आणि तिला कराडला किंवा मिरजेला हलविले जाते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, नाकातून नळी घालायची का? व्हेंटिलेटर लावायचा का? सही कोण करणार? उत्तर द्यावयाला असतो पुण्याहून रात्रीच्या एस. टी. ने आलेला मुलगा, ज्याने आईला गणपतीत दोन दिवस पाहिलेले असते. मुंबईची मुलगी फोनवर रडत असते. चुलत्यांचेही मत घेतले जाते, कारण ते वडीलधारे! आणि जिने सहा वर्षे त्या आईचे न्हाणेधुणे केले, रात्री-अपरात्री दाराला कडी आहे ना ते पाहिले, ती सून पिशवी घेऊन भिंतीशी उभी असते. तिला कोणी विचारीत नाही. मुलगा म्हणतो, ‘सगळे करा, डॉक्टर.’ त्या शब्दांत प्रेम असते हे खरे. परंतु आपण जवळ नव्हतो ही बोचणी आणि लोक काय म्हणतील हे भयही असते.

‘सगळे’ म्हणजे काय, हे मात्र त्याला ठाऊक नसते. बोस्टन परिसरातील वृद्धशुश्रूषागृहांतून स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेतील ३२३ रुग्णांवर दीड वर्ष नजर ठेवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या मुदतीत निम्म्याहून अधिक रुग्ण वारले. खाण्यागिळण्याची अडचण, ताप आणि न्यूमोनिया हीच बहुतेकांच्या अखेरीची वाट होती. त्याहून महत्त्वाचे असे की, पुढे काय वाढून ठेवले आहे हे ज्यांच्या आप्तांना नीट समजले होते, त्या रुग्णांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या, सुया आणि दवाखान्याच्या फेऱ्या फार कमी आल्या. नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, याला या अवस्थेत आधार सापडलेला नाही. रुग्ण नळी उपसतो. मग त्याचे हात बांधावे लागतात. म्हणून रुग्णाला नीट बसवून, घेईल तेवढे मऊ अन्न हाताने, सवडीने भरवावे, असेच वृद्धांच्या आजारांचे जाणकार सांगतात. ‘आईला उपाशी मारले’ हा आपल्याकडे सर्वांत जिव्हारी लागणारा आरोप आहे. पण शरीर मिटत आले की त्याची भूकही मिटत जाते, हे डॉक्टरांनी बाहेरच्या बाकावर पाच मिनिटे बसून सांगितले, तर कितीतरी मुलांच्या मनावरचे ओझे उतरेल.

अन्नौषध नाकारण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही बंद केले आणि महाराष्ट्राने त्यांच्यापुढे हात जोडले. परंतु विनोबांची बुद्धी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. स्मृतिभ्रंशात नेमकी तीच आधी जाते, शरीर मागे राहते. म्हणून चष्मा कोठे ठेवला हे आठवेनासे होऊ लागते त्या सुमारासच आईला शेजारी बसवून विचारले पाहिजे. ती वेळ निघून गेली असेल तर प्रश्न तरी नीट घालावा. ‘तुम्हांला काय हवे?’ असे नव्हे. ‘त्यांना बोलता आले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या?’

मग याचे उत्तर कोणाकडे असते? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली अत्याचार झाला आणि २०१५ साली न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच अंथरुणावर होत्या. त्यांचा आजार निराळा होता. पण त्यांच्या वतीने बोलावयाचे कोणी, हा प्रश्न तोच होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान दिला तो वर्षानुवर्षे त्यांना भरविणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना. याचिका करणाऱ्या लेखिकेला नव्हे. निर्णयाच्या इतर अंगांबद्दल मतभेद असू शकतात, परंतु हे सूत्र न्यायाचे होते. आपल्या घरांनी ते अद्याप स्वीकारलेले नाही.

२०१८ च्या निकालाने निरोगी मनाच्या प्रौढ माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याची मुभा दिली. २०२३ साली त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात घालता येतात. सात-बाराच्या लोभाने कोणी म्हाताऱ्याची नळी काढील, ही शंका आपल्याकडे अगदीच निराधार नाही. त्यासाठीच डॉक्टरांची दोन मंडळे, एकामागून एक, संमती देतात. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. आणि उपचार थांबविण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इच्छापत्र केलेले नसले तरी आप्तांच्या संमतीने याच वाटेने जाता येते.

या इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवावयाची असते. तो कोण आणि कोणत्या टेबलावर बसतो, हे साताऱ्याच्या नगरपालिकेत किंवा गावच्या ग्रामपंचायतीत गेलेल्या निवृत्त शिक्षकाला पहिल्याच खेपेस कळले पाहिजे; नावाची पाटी लावावयाला काही फार खर्च येत नाही. मोठा प्रश्न आहे तो घरच्या शुश्रूषेचा. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले तेव्हापासून आजार बरा करण्याची परंपरा या भागाला लाभली आहे. जो आजार बरा व्हावयाचा नाही, त्यासाठी घरी येणारी परिचारिका हवी. केरळाने २००८ साली धोरण आखून ग्रामपंचायतींकडून हे काम करवून घेतले. ते कृष्णाकाठी अशक्य का असावे? आई घरी, आपल्या खाटेवर जाणार असेल, तर वेदना आणि धाप यांवर औषध देणारे माणूस दाराशी आले पाहिजे. नाही तर भेदरलेले घर मध्यरात्री पुन्हा रुग्णवाहिकाच बोलावणार.

ज्यांची बुद्धी आज शाबूत आहे, त्यांनी तो कागद करताना नावांच्या रकान्यापाशी जरा थांबावे. सवयीने हात थोरल्या मुलाचे नाव लिहील. तो पुण्यात असेल आणि घास सून भरवीत असेल, तर तेथे तिचे नाव घालावे आणि ते का घातले, हे मुलाला त्याच दिवशी समोर बसवून सांगावे.