एका हाताची टाळी

एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याचे दोन्ही हात शाबूत असणार. ज्याचा एक हात गेलाय तो टाळीच्या भानगडीत पडतच नाही. त्याच्यापुढे त्याहून मोठे प्रश्न असतात. उदाहरणार्थ, पायजम्याची नाडी. माझा डावा हात चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या निमित्ताने संपावर गेला, तो अजून वाटाघाटींना बसायला तयार नाही. तेव्हापासून अमुक काम म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं कुणी म्हणालं की मी त्याच्याकडे आदराने बघतो. पण मी इथे रडगाणं गायला बसलेलो नाही. मला भांडायचंय. भांडायला एक हात पुरतो.

भांडण आहे ‘डूम’वरून.

ज्यांच्या घरात १९९३ नंतर कुणी तरुण झालं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. डूम हा संगणकावरचा गोळीबाराचा खेळ. अमेरिकेत टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीतल्या मूठभर पोरांनी तो १० डिसेंबर १९९३ला जगात सोडला. पहिला भाग फुकट, पुढचे विकत. फुकट म्हटल्यावर तो आमच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! फ्लॉपीत बसून तो आमच्या हपिसात आला आणि जेवणाची सुट्टी लांबली. गोष्ट अशी की, मंगळाच्या चंद्रांवर एक कंपनी वस्तू इथून तिथे क्षणात पोचवण्याचे प्रयोग करत असते, प्रयोग फसतो, नरकाचं दार उघडतं, आत राक्षसच राक्षस, आणि त्यांच्यात सापडलेला एकटा सैनिक म्हणजे आपण. कंपनी खाजगी असूनही प्रयोग फसतो, एवढं एकच काय ते पटायला जड.

आता ऐका. हा मूळचा डूम एका हाताने खेळता येतो. माउस पुढे सरकवला की सैनिक पुढे चालतो, आडवा फिरवला की वळतो. डावं बटण दाबलं की गोळी. उजवं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की दार उघडतं. हत्यार बदलायला तेवढं किबोर्डवरच्या आकड्यांकडे जावं लागतं. पण मी भाजीची पिशवी खाली ठेवून कुलूप काढतो, पुन्हा पिशवी उचलतो, त्यातलाच तो प्रकार. शिवाय वर-खाली नेम धरायची कटकट नाही. राक्षस गच्चीवर असो की खड्ड्यात असो, आपण त्याच्या दिशेला तोंड केलं की गोळी आपली आपण चढते किंवा उतरते. पडद्याच्या तळाशी आपल्या सैनिकाचा चेहरा असतो. मार ज्या बाजूने बसला त्या बाजूला तो डोळे वळवतो, आणि ताकद घटेल तसतसा रक्तबंबाळ होत जातो. ज्याला मागून आलेलं गुरगुरणं ऐकू येत नाही, त्याला हा चेहरा केवढा आधार!

ह्यातलं काहीही कुणाची कणव येऊन केलेलं नव्हतं. मान वर करायची सोयच त्या खेळात नव्हती, म्हणून गोळी शहाणी करावी लागली. पण चुकून का होईना, दार उघडं राहिलं. माझं म्हणणं एवढंच, की जे चुकून जमलं ते ठरवून का जमू नये?

इथे आमच्या वरच्या मजल्यावरचे चिरंजीव रिंगणात उतरतात. वय चोवीस, हात दोन, बोटं दहा, मतं अगणित. ते म्हणाले, “काका, खेळ कठीणच पाहिजे. प्रत्येकासाठी सोपा करत बसलं तर त्यात राम काय राहिला? बनवणाऱ्याच्या मनात जसा होता तसाच तो खेळायला हवा.”

बनवणाऱ्याच्या मनात काय होतं ते आपण पाहूच. डूममध्ये पहिल्यापासून काठिण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीचं नाव ‘मरायला मी अजून लहान आहे’ अशा अर्थाचं. त्या पायरीवर जखम निम्मी होते आणि काडतुसं दुप्पट मिळतात. आणि बनवणाऱ्यांनी स्वतः एक मंत्रही ठेवलाय: आय-डी-डी-क्यू-डी. ही पाच अक्षरं टाइप केली की आपण अमर! सैनिकाचे डोळे सोन्यासारखे चमकायला लागतात आणि नरकातली सगळी फौज मिळून त्याचा केस वाकडा करू शकत नाही. हा मंत्र चिरंजीवांना पाठ आहे. म्हणजे धडधाकट माणसाने अमरत्व टाइप केलं तर ती गंमत, आणि मी एक बटण इकडचं तिकडे करून मागितलं तर लगेच खेळ बाटतो!

खरी गफलत दुसरीच आहे. सोपं करणं आणि पोचतं करणं ह्या दोन गोष्टी ही मंडळी एकाच पिशवीत भरतात. लहानपणी लपंडावात धाकट्या भावंडाला आपण कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो. ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य नाही. ते खेळत असे, पण खेळात नसे, आणि हे त्या चिमुरड्यालाही बरोबर कळायचं. ह्याच कंपनीच्या १९९२च्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’मध्ये सर्वांत सोपी पायरी निवडली की नायकाच्या डोक्यावर टोपडं आणि तोंडात चोखणी दिसते. हौसेने निवडणाऱ्याला हसू येईल. पण ज्याचा हात चालत नाही म्हणून त्याला तिथे जावं लागतं, त्याने साठाव्या वर्षी टोपडं का घालून घ्यावं? मला राक्षस कमी नकोत. मला कच्चं लिंबू व्हायचं नाही, पक्का भिडू व्हायचंय. माझ्यावर राज्य येऊ द्या. फक्त मला मैदानापर्यंत येऊ द्या.

कठीणपणाचीच हौस असेल तर तो कुठे असावा, हे तरी ठरवू. डूममध्ये नकाशा उघडला की भरीव भिंती लाल रेघांनी दिसतात आणि जमिनीचे चढउतार तपकिरी रेघांनी. लाल-हिरव्याचं रंगांधत्व असलेल्या माणसाला लाल आणि तपकिरी म्हणजे जुळे भाऊ. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांत साधारण एक जण असा असतो. म्हणजे टेक्सासात तो काही दुर्मीळ प्राणी नव्हे. त्याने भिंतीलाच पायरी समजून डोकं आपटायचं, ह्याला आव्हान म्हणायचं का? मग २००४ साली ‘डूम ३’ आला. त्यात जागोजागी कुलूपबंद कपाटं, आणि काही कपाटांचे आकडे ध्वनिमुद्रित निरोपांत सांगितलेले. पडद्यावर अक्षरं मात्र उमटत नव्हती. बहिऱ्या खेळाडूने राक्षस लोळवायचे आणि कपाटापुढे हात चोळत उभं राहायचं! शेवटी खेळणाऱ्यांनीच खपून जोडअक्षरांचं नव्हे, जोडओळींचं ठिगळ तयार केलं, तेव्हा कुठे आवाज डोळ्यांना दिसायला लागले. त्याच वर्षी आलेल्या ‘हाफ-लाइफ २’मध्ये बोलणंच काय, इतर आवाजसुद्धा लिहून दाखवायची सोय कंपनीनेच दिली होती. तेव्हा ‘त्या काळी तंत्र नव्हतं’ ही सबब बाद.

ठिगळांचा विषय निघालाच आहे. १९९७ साली डूमचा मूळ कार्यक्रम सर्वांसाठी खुला झाला, आणि त्यावर जगभर लोकांनी आपापले मजले चढवले. त्यांतला एक मजला ‘टोबी ॲक्सेसिबिलिटी मॉड’. तो अंधांसाठी आहे. काय कुठे आहे ते आवाजांवरून उमगतं, आणि माणूस कानांनी वाट काढत फोबॉसवर राक्षस मारत हिंडतो. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ रागही आला. ज्याला जिना चढता येत नाही त्यानेच उतरण बांधायची, आणि आपण खाली उभं राहून कौतुक करायचं? आमच्याकडेही २०१६च्या कायद्याच्या सुमारास अपंगाचा दिव्यांग झाला. नावातली पायरी काढली, इमारतीची तशीच राहिली.

“पण काका, एवढ्याशा लोकांसाठी एवढा खर्च?” हा चिरंजीवांचा शेवटचा बाण. एवढेसे? रात्री घर झोपल्यावर आवाज बंद करून खालच्या ओळी वाचत खेळणारे हेच चिरंजीव. ओळी बहिऱ्यांसाठी, सोय ह्यांची! शिवाय आमच्या पंथात यायला दीक्षा मागावी लागत नाही. बोटं आखडतात, चष्मा जाड होतो, कान हळू होतो. वय आपण होऊन नाव नोंदवतं.

आणि सोयी दिल्या म्हणून आभाळ कोसळलं का? ऑगस्ट २०२४मध्ये जुने डूम नव्याने निघाले, त्यांत ठसठशीत अक्षरं, ठळक रंगभेद आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाज आला. २०२५च्या ‘डूम: द डार्क एजेस’मध्ये तर अख्ख्या खेळाचा वेग कमी-जास्त करता येतो, वार परतवायला किती अवधी मिळावा हेही ठरवता येतं. ज्याला नको त्याने त्या पानाकडे फिरकू नये. चिरंजीव पूर्वीइतक्याच वेळा मरतात, मी मोजलंय. पण ही पानं येईपर्यंत तीस वर्षं गेली, आणि जे खेळाडू मधल्या काळात दारातूनच परत गेले त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. मला जिंकवा असं मी म्हणत नाही. फोबॉसवर मी रोज मरतो आणि ते मला कबूल आहे. फक्त मरण राक्षसाच्या हातून यावं, किबोर्डच्या हातून नको.