मुक्कामाच्या बदल्यात काम : आधी बोली, मग कुदळ

खिशात पैसा कमी असला तरी हातात बळ आहे. मग फिरायला निघावे, जिथे उतरू तिथे रोज चार-पाच तास काम करावे आणि त्या बदल्यात जेवण व झोपायला जागा घ्यावी, असा विचार करणारी तरुण मुले आता आपल्या मोहल्ल्यांतूनही निघू लागली आहेत. नाशिकच्या आसपास अशा मुक्कामाच्या जागाही पुष्कळ झाल्या आहेत. त्र्यंबक रस्ता, गंगापूर धरणाचा काठ, इगतपुरी-घोटीचा डोंगराळ पट्टा येथे कृषी पर्यटन केंद्रे, निसर्गोपचाराची ठिकाणे आणि शेतघरे उभी राहिली. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यानंतर या धंद्याला नोंदणीचा रस्ताही मिळाला आहे.

मुलांनी असे जावे की नाही, असा प्रश्न आम्हाला पालक विचारतात. आमचे उत्तर असे की जरूर जावे. गादीवर बसून वाढलेल्या मुलाच्या हाताला घट्टे पडले तर त्यात नुकसान काही नाही. परंतु या गोष्टीकडे सहल म्हणून न पाहता सौदा म्हणून पाहावे. यात देणे आहे आणि घेणे आहे. जो सौदा बोलीशिवाय होतो, त्यात कमजोर बाजू मार खाते, हे बाजारात बसणाऱ्या माणसाला सांगायला नको.

या पद्धतीचा आजचा प्रकार इंग्लंडमधून आला. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या सू कॉपर्ड यांना शहराबाहेर जायची हौस होती, पण ओळखीचे शेत नव्हते. त्यांनी ससेक्समधील एका शेतावर शनिवार-रविवार काम करून तेथेच राहायची सोय लावली. त्यातून ‘वूफ’ नावाची चळवळ निघाली. ती पुढे अनेक देशांत पसरली आणि आपल्या देशातही आली. तिचा साधारण दंडक रोज चार ते सहा तास काम, आणि त्या बदल्यात जेवण व निवारा असा आहे. म्हणजे ज्यांनी ही रीत काढली त्यांनीही तास मोजले.

आपल्या जिल्ह्यात कामाशी जोडलेला मुक्काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालतो तो इगतपुरीच्या धम्मगिरीवर. ब्रह्मदेशात व्यापार केलेले सत्यनारायण गोएंका यांनी तेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे सुरू केली. त्यांच्या साधनेशी आपल्या अकीद्याचा संबंध नाही, परंतु तेथील हिशेबाची रीत व्यापाऱ्याने पाहण्यासारखी आहे. दहा दिवसांच्या शिबिराला जेवणाचे व राहण्याचे शुल्क नाही. ज्याने शिबिर पुरे केले त्याच्याकडूनच दान घेतले जाते. स्वयंपाकघरात व सफाईला जे सेवक राबतात तेही आधी शिबिर केलेले असतात आणि त्यांना पगार नसतो. तेथे खोली विकली जात नाही, म्हणून सेवकाच्या श्रमातून कोणाच्या गल्ल्यात नफा पडत नाही. याला खिदमत म्हणता येईल.

खरा घोटाळा येथेच होतो. ज्या ठिकाणी पाहुण्याकडून रात्रीचे भाडे घेतले जाते, तेथेही मालक मुलांना सांगतो की तुम्ही सेवा करा, निसर्गाजवळ राहा, हिशेब कशाला? आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा अशाच एका ठिकाणी गेला होता. जाताना चार तासांचे बोलणे झाले होते. शनिवार-रविवारी पाहुण्यांची गर्दी झाली की सकाळी सहापासून रात्री भांडी होईपर्यंत काम चाले, आणि झोपायला चाऱ्याच्या खोलीत जागा होती. तक्रार केली तर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे उत्तर मिळे. महिना संपण्याआधीच मुलगा परत आला. मेहनतीने तो थकला नव्हता. फसवले गेल्याची सल मात्र त्याच्या मनात राहिली.

इस्लामने या तिन्ही गोष्टींची खाती वेगळी ठेवली आहेत. मेहमानी तीन दिवसांची, त्यापुढे यजमान जे देतो तो सदका, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. खिदमत अल्लाहसाठी असते, तिचा मोबदला मागितला जात नाही. आणि मजुरी हा हक्क आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी ती चुकती करण्याची ताकीद आहे.

हे सर्व एकाच ठिकाणी पाहायचे तर कुरआनातील सूरह कससमधला हजरत मूसा (अ.) यांचा मदयनचा प्रसंग पाहावा. मिसरमधून निघालेला एक मुसाफिर परक्या मुलखात विहिरीवर येतो. दोन बहिणी गर्दीमुळे बाजूला थांबलेल्या दिसतात. तो त्यांच्या जनावरांना पाणी पाजतो, काही मागत नाही आणि सावलीत जाऊन बसतो. ही खिदमत झाली. परंतु मुलींचे वृद्ध वडील ती फुकट ठेवून घेत नाहीत; मोबदला देण्यासाठी त्याला बोलावून घेतात. मग पुढच्या नोकरीची बोली होते. काम ठरले, बदल्यात काय मिळणार ते ठरले, मुदत आठ वर्षे ठरली. दहा केली तर ती मूसांच्या खुशीची. आपल्याला तुमच्यावर कष्ट लादायचे नाहीत, हे मालकाने स्वतः सांगितले. दोन्हींपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी पुढे जबरदस्ती होणार नाही, हे मूसांनी पक्के करून घेतले, आणि अल्लाहला साक्षी ठेवले. परमुलखात, रिकाम्या हाताने, निवाऱ्याची गरज असतानाही पैगंबराने बोली मोघम ठेवली नाही. मग आपल्या मुलांनी हिशेब विचारण्यात लाज कसली?

आता साधे गणित मांडू. समजा गावात आठ तासांची मजुरी ४०० रुपये आहे, म्हणजे तासाला ५० रुपये. मुलाने पाच तास काम केले तर २५० रुपये झाले. दोन वेळचे जेवण, नाश्ता व चहा मालकाला १५० रुपयांना पडत असेल आणि साध्या खाटेचे १०० रुपये धरले, तर सौदा बरोबरीत आला. काम आठ तास झाले तर मालकाकडे १५० रुपये निघतात. येथे मालक एक चलाखी करतात. पाहुण्याला जी खोली २००० रुपयांना देतात, तोच भाव मुलाच्या खात्याला लावतात. कापडात कोरा माल देऊन रंगीत छापील मालाचा भाव लावावा, तसला हा प्रकार आहे. जी खाट दिली तिचाच भाव धरला पाहिजे.

याच हिशेबात एक तिसरा माणूस आहे, ज्याला कोणी विचारत नाही. पेठ, सुरगाणा भागातील आदिवासी मजूर छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येऊन राहतात. त्यांनाही बागायतदार निवारा देतो. पण निवारा दिला म्हणून मजुरी देणार नाही, असे म्हणेल तर दुसऱ्या दिवशी टोळी उठून जाईल. इगतपुरीकडे पावसाळ्यात भाताच्या आवणीला बाया लागतात, तेथेही रोज ठरतो. शहरातला मुलगा हौसेने तेच काम फुकट करू लागला, तर एका बाईचा रोज बुडतो. आपला प्रवास स्वस्त व्हावा म्हणून दुसऱ्याच्या चुलीवरचे आधण उतरवणे हलाल कमाईच्या जवळही जात नाही. म्हणून मुलांनी मजुरांच्या बरोबरीने हात लावावा, त्यांच्या जागी उभे राहू नये. हिशेब लिहिणे, मुलांना शिकवणे, फलक रंगवणे, फोटो काढणे, परप्रांतीय पाहुण्यांशी बोलणे अशी कामे त्यांना चांगली येतात, ती करावीत.

मालकांनी कायदाही ध्यानात ठेवावा. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निर्णय दिला की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी ठरते. परदेशी प्रवाशांचे प्रकरण तर आणखी नाजूक आहे. पर्यटकांच्या ई-व्हिसावर फार तर एक महिन्याचे स्वयंसेवी काम चालते, तेही कोणताही मोबदला न घेता. राहणे-जेवणे हा मोबदलाच आहे, असे उद्या अधिकाऱ्याने म्हटले तर मालक काय उत्तर देणार? आपल्यातील काही भाईंनीही शेतघरे भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

जाणाऱ्या मुलाने निघण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून घ्याव्यात : रोजचे तास किती, कोणते काम, आठवड्यात सुट्टी कोणत्या दिवशी, जास्तीच्या तासाचे काय, झोपायची जागा कोणती, विळा लागला किंवा साप चावला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. नमाजला वेळ, जुम्याला गावात जायची मुभा आणि खाण्यात हलाल-हरामची काळजी हेही आधीच बोलावे. नाशिकचे पर्यटन वाइनच्या कारखान्यांशी बरेच जोडले गेले आहे. जिथे शराब पाजली जाते तिथे काम धरू नये. ओळखपत्राची नक्कल द्यावी, मूळ कागद कोणाच्या ताब्यात ठेवू नये. मुलगी जाणार असेल तर घरच्यांनी जागा स्वतः पाहून यावी. आणि आम्ही माल जसा जाकड आणतो, पसंत पडला तर ठेवतो, नाही तर परत करतो, तसे पहिले तीन दिवस दोन्ही बाजूंनी जाकड समजावेत.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनात सूरह बकरामध्ये आहे. आज केलेल्या मेहनतीचा मोबदला जेव्हा उद्यावर राहतो, तेव्हा तीही उधारीच आहे. सज्जन मालक या कागदाला रागावणार नाही. उलट त्यालाही कळेल की येणारा मुलगा शब्दाचा पक्का आहे. जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नये. पालकांनी मुलांना अडवू नये. एका संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून हा कागद तयार करून द्यावा आणि मग अल्लाहच्या हवाल्याने त्यांना निरोप द्यावा.